गल्लीभर गिरिजा

कोल्हापूरच्या शनिवार पेठेच्या मागच्या अंगाला गवळ्यांची एक अरुंद गल्ली आहे. नव्वद सालाच्या आगेमागे त्या गल्लीत उभं राहून कुणी ‘गिरिजा’ म्हणून हाक मारली, तर ओ कोण देईल याचा काही नेम नव्हता. कोपऱ्यावर दूध विकायचं दुकान होतं, त्यावर लाल अक्षरांत ‘गिरिजा दुग्धालय’. दुकानासमोर हातपंप, त्याच्या पाटीवर ‘कै. गिरिजाबाई यांच्या स्मरणार्थ’. पाण्याला निघालेल्या बायका ‘गिरिजावर जाऊन येतो’ असंच म्हणत. आकाराम गवळ्याची एम-एटी गाडी होती, तिच्या पुढच्या मडगार्डवर गिरिजा. ज्ञानू सायकलवाल्याची शेंबडी पोरगी गिरिजा. आकारामच्या गोठ्यातली लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस गिरिजा. आणि या सगळ्यांच्या मधून दोन वेण्या उडवत फिरणारी आकारामची एकुलती एक लेक, तीही गिरिजाच. नवा पोस्टमन आला की पहिला आठवडाभर खुळ्यागत फिरायचा.

मूळ गिरिजा म्हणजे आकारामची आई. नवरा गेल्यावर तिनं एका म्हशीवर संसार ओढला. कट्ट्यावर म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळता पेला तसाच त्याच्या हातात द्यायचा, हा तिचा धंदा. तोंडानं म्हातारी तिखट होती. पण गल्लीत कुणी बाळंत झाली की तिच्या घरी महिनाभर दूध जायचं, आणि त्याचं कुणी कौतुक केलेलं तिला खपायचं नाही. ज्ञानू त्याच दुधावर वाढला, म्हणून त्यानं पुढं आपल्या पोरीला तिचं नाव दिलं. म्हातारी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी आकारामला मुलगी झाली. आई परत आली म्हणून त्यानं नाव ठेवलं गिरिजा, आणि तिथंच एक पंचाईत करून ठेवली. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. त्यामुळं आकारामच्या बायकोला, तानूबाईला, पोटच्या पोरीला नावानं हाक मारता येईना. ती तिला आक्का म्हणायची. म्हशीला ‘ती’ म्हणायची, दुकानाला ‘कोपरा’, आणि पंपाकडं नुसतं बोट दाखवायची. गल्ली हसायची, पण तानूबाईनं ते कधी मोडलं नाही.

म्हशीला नाव दिलं ते मात्र पोरीनं. पोर दहा वर्षांची असताना एक म्हैस विताना दगावली आणि मागं ओलं, थरथरतं रेडकू राहिलं. पोरीनं दुधात बोटं बुडवून त्याला चोखायला शिकवलं, पोत्यात गुंडाळून चुलीपाशी निजवलं, आणि ते जगल्यावर हट्टच धरला की याला माझं नाव. आकाराम म्हणाला, अगं, म्हशीला कुणी माणसाचं नाव देतं का? ती म्हणाली, मी दिलंय. विषय संपला. आकाराम तालमीत कमावलेल्या अंगाचा धिप्पाड गडी, भल्याभल्यांना चीत केलेला. पण लेकीपुढं त्याचं काही चालायचं नाही.

एकदा शाळेचे मास्तर कट्ट्यावर दूध प्यायला आले असताना त्यांनी सांगितलं, गिरी म्हणजे डोंगर आणि गिरिजा म्हणजे डोंगराची लेक. आकारामनं आपल्या अंगाकडं एकदा बघितलं आणि त्याची छाती वीतभर फुगली. त्या दिवसापासून गल्ली त्याला डोंगरच म्हणायला लागली, आणि त्यालाही ते आवडायचं.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळी लोक म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, पाठीवर नक्षी काढायची. मग मालकानं मोटारसायकल फडफडवत पुढं पळवायची आणि नावानं हाक मारायची; म्हशीनं गर्दी, फटाके, ताशे कशालाही न बुजता त्या हाकेमागं धावायचं. ज्याची म्हैस हाकेला पक्की, तो खरा गवळी. आकारामच्या एम-एटीवर मागं तोंड करून पोर बसायची आणि ‘गिरजेऽ, गिरजेऽ’ म्हणून स्वतःच्याच नावानं ओरडत जायची. मागनं म्हैस कान टवकारून चौखूर. ते बघायला लोक लांबलांबनं यायचे.

सत्त्याण्णव साली पोर गडहिंग्लजला दिली. जावई जोतीराम, पेंड आणि सरकीचं दुकान, पक्कं घर, घरात सासू-सासरे. गवळ्याच्या पोरीला पेंडवाला मिळाला, गूळ-खोबऱ्याची गाठ पडली, असं लोक म्हणाले. पहिलं वर्ष बरं गेलं. मग पहिलं मूल पोटातच गेलं आणि त्या घरात तिचा पायगुण निघाला. सासू येता-जाता बोलायची, नवरा हात उचलायचा. क्षुल्लक चुकीसाठी तिला मागच्या पडवीत बाहेर ठेवून दार लावून घ्यायचे. हे तिनं कुणाला कळवलं नाही. नव्व्याण्णवच्या नागपंचमीला माहेरी आली तेव्हा चुलीपुढं बसून आईला सांगितलं, आणि तानूबाईनं ते आकारामला सांगितलं.

आकाराम त्या रात्री झोपला नाही. पण त्याची समज गोठ्यात घडलेली होती. नवं जनावर आणलं की ते आठ-पंधरा दिवस ओढ घेतं, जुन्या दावणीकडं तोंड करून हंबरतं. त्याला परत नेलं की ते कुठलंच राहत नाही. जरा दम धरला की रुळतं. लेकीचंही तसंच, असं त्यानं धरलं. त्यात मूल गेलेलं, मन हळवं झालेलं, दुसरं झालं की सगळं मार्गी लागेल. शिवाय परत आणली तर गल्ली काय म्हणेल, ही भीती होतीच. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात मैदानात मातीला पाठ लावून घेतली नव्हती, तो चार बायकांच्या तोंडाला घाबरला.

पंचमी झाली आणि सासरची माणसं न्यायला आली. पाहुणे सोप्यात चहा पीत बसले होते आणि पोर गोठ्यात म्हशीच्या मानेवर हात टाकून उभी होती. आकाराम तिला बोलवायला गेला.

“आबा, मी जात न्हाय,” ती म्हणाली. “मला ठेवून घ्या. हितं गोठ्यात ऱ्हातो. शेणघाण करतो, धारा काढतो. तुमास्नी जड न्हाय व्हनार.”

आकारामनं सोप्याकडं बघितलं. आवाज तिकडं जात होता.

“म्हस इकली की गिऱ्हाइकाची, आन लेक दिली की सासरची,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “परत आणायची आपल्यात रीत न्हाय, गिरजे.”

ती रडली नाही. आत जाऊन लुगडं बदलून आली. तानूबाईनं तिची ओटी भरली तेव्हा निम्मे तांदूळ खाली सांडले. गाडी गेली आणि आकाराम नेहमीसारखा धारेला बसला. म्हशीला पान्हा फोडायला ‘गिरजे’ म्हणायची त्याची सवय. त्या संध्याकाळी त्यानं ते नाव न घेताच धार काढली.

तिथून त्याचे हाल सुरू झाले. ज्या नावानं त्यानं गल्ली भरून टाकली होती, ते नाव आता त्याला कुठंच चुकवता येईना. दुकान उघडावं तर डोक्यावर गिरिजा. गाडी पुसावी तर हातात गिरिजा. पंपावर बायका भांडायच्या, ‘गिरिजावर माझा नंबर पहिला’. तिन्हीसांजेला ज्ञानूची बायको पोरीला जेवायला हाका मारायची, ‘गिरिजाऽ, ये गं घरात’, आणि आकाराम धारेची कासंडी अर्ध्यातच खाली ठेवायचा. घरात ये म्हणून हाक मारणारी ती बाई त्याला वैरीण वाटायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. गल्लीला काय, डोंगर जरा गप झालाय एवढंच दिसत होतं.

मडगार्डावरचं नाव त्यानं एक दिवस रॉकेल लावून खरवडून काढलं. पाटी उतरवता येत नव्हती, आईचा पंप उपटता येत नव्हता. पण म्हशीचं काय? तिला दिवसातून दोन वेळा तरी नावानं बोलवावं लागायचं, आणि बोलवलं की ती अशा डोळ्यांनी बघायची की पोरच मानेवर हात टाकून उभी आहे असं वाटायचं. गणपती झाल्यावर त्यानं ती मलकापूरच्या कृष्णात नावाच्या गवळ्याला विकली. कृष्णात भला माणूस होता. तानूबाईनं विचारलं, का विकलीसा? आकाराम म्हणाला, वय व्हायला लागलंय तिचं. हे खोटं होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

दसरा झाला तेव्हा गल्लीतल्या रफिकच्या टेलिफोन बूथवर मलकापूरहून निरोप आला. म्हशीनं वैरण सोडली होती. गव्हाणीतला ओला चारा तसाच पडतोय, भिजवलेल्या पेंडीच्या आंबोणाला तोंड लावत नाही, पान्हा चोरते, दिवसभर रस्त्याकडं तोंड करून उभी असते. कृष्णातची तक्रार नव्हती. काय करू, एवढंच तो विचारत होता. सौदा झालेल्या जनावरासाठी जुन्या मालकानं परत जायचं नाही, असा गवळ्यांत दंडक. आकारामनं ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि तिथंच उभ्या असलेल्या रफिकला म्हणाला, तुझा टेम्पो काढ.

मलकापुरात म्हैस दिसली तेव्हा तो हबकला. बरगड्या मोजाव्यात अशी झाली होती. डोळ्यांतनं पाणी गळून खाली काळे ओघळ पडले होते. तो लांबच थांबला आणि हळूच म्हणाला, ‘गिरजे.’ म्हशीचे कान उभे राहिले. ती दावं ताणून वळली आणि कासेला कुणी हात लावायच्या आत तिचा पान्हा सुटला. दुधाच्या धारा आपोआप मातीत पडायला लागल्या. आकाराम तिच्या गळ्याला मिठी मारून ढसाढसा रडला. कृष्णातनं तोंड दुसरीकडं केलं. असं जनावर ठेवून घेणं म्हणजे पाप आहे, न्या तुम्ही, असं तोच म्हणाला.

म्हैस टेम्पोतनं उतरली तेव्हा गल्ली गोळा झाली. बायकांनी डोळ्याला पदर लावले. मुक्या जिवाचं मन जाणणारा माणूस म्हणून आकारामचं नाव कट्ट्याकट्ट्यावर झालं. पाडव्यापर्यंत म्हैस सावरली. त्या वर्षी शिंगांना मोरपिसं लावून ती रस्त्यावर आली, तेव्हा लोकांनी तिच्यासाठी वाट मोकळी केली. तालमीच्या पोरांनी आकारामला फेटा बांधला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा तो पूर्वीसारखा, छाती काढून, घरी आला.

दरवर्षी तानूबाई दारात आरती घेऊन उभी असायची. त्या दिवशी दारात कुणी नव्हतं. ती आत चुलीपाशी बसली होती, आणि चूल पेटलेली नव्हती. आकारामनं विचारलं, ओवाळायला का आली न्हाईस? तिनं मान वर केली.

“गिरिजा कवा आणतासा?”

त्या घरात येऊन तिला बावीस वर्षं झाली होती, आणि ते नाव तिच्या तोंडून आकारामनं कधी ऐकलं नव्हतं. सासूचा मान, रीत, सगळं तिनं एका दमात टाकून दिलं होतं.

“रीत न्हाय म्हनत व्हतासा,” ती म्हणाली. “म्हशीपायी मोडलीसा की रीत. म्हस आणलीसा, फेटा बांधून घेतलासा. आता माझी गिरिजा आणा. न्हाईतर मी जातो आन गडहिंग्लजला तिच्यासंगं पडवीत ऱ्हातो.”

आकारामनं फेटा उतरवला. त्या दिवाळीला तो लेकीला आणायला गेलाच नव्हता. घरात भाऊ नाही, म्हणजे मुराळी जायचं ते बापानंच. पण आली तर पुन्हा जात नाही म्हणेल, या भीतीनं त्यानं ‘गोठा सोडून येता येत नाही’ असा निरोप धाडला होता. आपण काय केलं हे त्याला तिथं, थंड चुलीपुढं, पुरतं कळलं. आणि कळल्यावर त्याला वाटलं की आता सगळं सोपं आहे. जायचं आणि घेऊन यायचं. मलकापूरला गेलो तसंच.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तानूबाईनं फराळाचा डबा बांधला, नवं लुगडं दिलं, आणि अंथरूण-पांघरूण उन्हात टाकायला काढलं. आकाराम एस्टीनं निघाला. निपाणी मागं पडल्यावर त्याच्या मनात आलं, म्हशीला टेम्पो केला आणि लेकीला आणायला एस्टीनं चाललोय. त्याला स्वतःचीच लाज वाटली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, त्यातलंच आपलं होतंय की काय, असंही वाटलं. पण त्यानं तो विचार झटकला.

गडहिंग्लजला लेकीच्या घरी सगळे गोड बोलले. जावई दुकानात होता. सासूनं पाट दिला, तब्येतपाणी विचारलं, आणि फराळाचं ताट करायला आत गेली. पोर पाण्याचा तांब्या घेऊन आली. अंगानं अगदीच वाळली होती असं नाही. केस नीट विंचरलेले, कुंकू मोठं. फक्त उजव्या मनगटावर बांगड्या वर सरकल्या की भाजल्याचा जुना डाग दिसत होता, आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. राग नाही, आनंद नाही. आकारामला तेच बघवेना.

त्यानं आवाज न दाबता सांगितलं की तुला न्यायला आलोय, कायमचं, परत धाडणार नाही, हा बापाचा शब्द. तुझ्या आईनं अंथरूण काढून ठेवलंय. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत.

पोरीनं तांब्या खाली ठेवला.

“म्हस आणलीसा म्हनं,” ती म्हणाली.

आकारामनं मान हलवली.

“बाजारात समद्यास्नी ठावं हाय. बरं केलंसा. जगली नसती ती.” तिनं बांगड्या खाली ओढून डाग झाकला. “तिनं खायाचं सोडलं म्हनून गेलासा न्हवं?”

“व्हय.”

“मी खात गेलो, आबा. पुढ्यात येईल ते खाल्लं, पडंल ते काम केलं, कुनाला दिसंल असं रडलो न्हाय. वाटायचं, आबांचं नाव खराब व्हायला नगं. तितंच चुकलं माझं.”

आकारामनं हात जोडले. त्या एवढ्या मोठ्या देहाचे जोडलेले हात बघून पोरीनं नजर खाली घातली. तो म्हणत राहिला, चुकलो, गिरजे, म्हातारपणी अक्कल आली, चल. तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते गळू दिले नाहीत.

“पंचमीला आलतो तवा यायचं मनात व्हतं. आता न्हाय,” ती म्हणाली. “आता आलो तर रोज सकाळी गोठ्यात जानार, आन तिच्याकडं बगून मला वाटनार की ही माझ्या आदी आली. त्या मुक्या जिवाचा मला राग येईल. तुमचाबी येईल. हितल्या मानसांचा राग येत न्हाय मला. त्यांच्याकडनं काय पायजेच नव्हतं. तुमच्याकडनं पायजे व्हतं.”

तेवढ्यात सासू, काही ऐकलंच नाही असं दाखवत, फराळाचं ताट घेऊन आली. मुक्कामच करा, सकाळी जा, असा आग्रह तिनं केला. पोरीनं पदर सारखा केला आणि ती सासूकडं वळली.

“नगं आत्या,” ती म्हणाली. “पावण्यांची एस्टी चुकंल.”

ती वाकून बापाच्या पाया पडली. लुगड्याची पिशवी तिनं घेतली, फराळाचा डबा रिकामा करून, धुऊन, पुसून परत दिला. आकाराम स्टँडपर्यंत कसा चालत गेला ते त्याला आठवत नाही. वाटेत दोनदा वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं.

दिवेलागणीला तो शनिवार पेठेत रिक्षातून उतरला. तानूबाई उंबऱ्यात उभी होती, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. घरात परत येणाऱ्या लेकीवरून ओवाळून टाकायचं, म्हणून ती दुपारपासून चार वेळा बाहेर येऊन गेली होती. तिनं आकारामकडं बघितलंच नाही, ती रिक्षात बघत होती. रिक्षावाल्यानं भाडं घेतलं आणि तो वळून निघून गेला. तानूबाई तशीच रस्त्याकडं बघत राहिली.

येत नाही म्हणाली, असं सांगितलं असतं तर ते खरंच होतं. पण तेवढं सांगायला आकारामची जीभ उचलेना. लेकीवर एवढाही दोष टाकायचा त्याला हक्क उरला नव्हता.

“मी उशीर केला,” तो म्हणाला.

तानूबाईनं भाकरतुकडा उंबऱ्यावर ठेवला. तिनं काय झालं ते विचारलं नाही, कोण काय म्हणालं ते विचारलं नाही. आईनं विचारायचं तेवढंच तिनं विचारलं.

“खाती न्हवं ती नीट?”

“खाती,” आकाराम म्हणाला, आणि दारातच मटकन खाली बसून, सगळ्या गल्लीदेखत, तो हमसून हमसून रडायला लागला.